जुन्या रस्त्यावरची मोरी

चाचांच्या फ्लॅटमध्ये राहायचं तर पहिला नियम असा की भिंतीला टेकायचं नाही. कुवेतच्या खैतान भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात एक भिंत मोकळी असेल तर शपथ. सगळीकडे कुवेतचे जुने नकाशे चिकटवलेले. कुठे तेल कंपनीने कधीकाळी छापलेला वाळवंटातल्या वाटांचा नकाशा, कुठे युद्धाच्या आधीचा रस्त्यांचा, कुठे चाचांच्या ऑफिसने रद्दीत काढलेले निळे पडलेले प्लॅन. माझ्या कॉटच्या डोक्याशी जहरा शहर होतं. पहिल्याच आठवड्यात मी डोक्याला भरपूर तेल थापून भिंतीला टेकून बसलो आणि जहराच्या पश्चिमेला एक गोल डाग पडला. मला वाटलं, आता बिऱ्हाड उचलावं लागतंय. चाचा नुसते वाकले. त्यांनी पेन्सिलीने त्या डागाभोवती बारीक रेघ ओढली आणि आत माझ्या गावाचं नाव लिहिलं, 'परभणी'.

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी परभणीच झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

फ्लॅटची लीज त्यांच्या नावावर होती, म्हणून म्हणायला ते आम्हा भाडेकऱ्यांचे घरमालक. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सर्व्हेयर. सडपातळ, उन्हाने रापलेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेन्सिली, एक तांबडी आणि एक काळी. 'चाचा' हे नावही तसं उसनंच. गावाकडे त्यांच्या थोरल्या भावाची मुलं त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मुलांच्या तोंडून भावजयही चाचा म्हणायची. तिचा फोन येई, तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाई, आणि असं करत करत सगळी बिल्डिंग त्यांना चाचा म्हणायला लागली. मी जहराच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त-लघवी तपासणारा माणूस, नकाशाशी माझा काय संबंध? पण माझ्याकडे गाडी होती आणि मी रोज जहराला जायचो. एवढ्यावर चाचांनी मला जवळ केलं, हे मला नंतर कळलं.

घरात त्यांचा कारभार सर्व्हेयरचाच. फ्रिजच्या दारावर फ्रिजच्या आतला प्लॅन लावलेला होता, मापासकट. कोणाचं दही कुठे, कोणाची अंडी कुठे, आणि सर्वांत खाली 'सुकट, फक्त चाचा, दार लगेच बंद करणे'. त्या सुकटीच्या वासाने मी कैकदा जेवण सोडून उठलोय. त्यावर ते म्हणायचे, "परभणी, तुज्या गावाला समुद्र नाय, त्यात सुकटीचा काय दोष?" मी म्हणायचो, "चाचा, समुद्र नाही म्हणून तर सुखी आहोत की ओ आम्ही." एवढीच त्यांची माझी थट्टा. हसले तरी ते घाईत हसायचे, कोणी बघेल म्हणून आटोपतं घेतल्यागत.

त्यांना 'जवळ' आणि 'लांब' हे शब्द चालत नसत. खालच्या किराणा दुकानाबद्दल "बकाला जवळच आहे" म्हटलं की लगेच, "जवळ म्हंजे किती?" आणि पत्ता सांगायचे तो मात्र नसलेल्या गोष्टींचा. टॅक्सीवाल्याला म्हणायचे, जुन्या सिनेमाच्या अलीकडे वळ. तो बिचारा कालपरवा देशातून आलेला पोरगा, त्याने कुठला सिनेमा बघितलेला? सिनेमा पाडून तिथे मॉल झाला होता, मॉलचंही नाव दोनदा बदललं होतं. मी चिडायचो. "चाचा, आहे ते सांगा ना, होतं ते कामून सांगता?" ते म्हणायचे, "आज हाय ते उद्या नसंल. होता तो होताच."

अशा माणसाकडे कॉटखाली ब्लँकेटात गुंडाळलेलं एक मशीन होतं. लांब दांडा, खाली ताटलीसारखी तबकडी, कानाला लावायचे हेडफोन. जमिनीतला धातू शोधायचं मशीन. शुक्रवारच्या जुन्या बाजारात त्यांनी ते घेतलं होतं. थंडी सुरू झाली की दर शुक्रवारी ते घेऊन वाळवंटात जायचे. बिल्डिंगमध्ये एकच बोलवा होता, की चाचा सोनं शोधतात. युद्धात पळून जाणाऱ्यांनी पुरून ठेवलेलं सोनं. मलाही तेच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा गाडी काढली ती त्याच आशेवर.

तो पहिलाच शुक्रवार. जहरा मागे टाकून आम्ही उत्तरेच्या मोठ्या रस्त्याने गेलो, मग उजवीकडे वाळूत. चाचांनी हेडफोन चढवले आणि मान खाली घालून चालायला लागले. तासाभरात पोलिसांची गाडी आली. नोकरी, इथे राहायचा परवाना म्हणजे इकामा, परभणीचं अर्धवट बांधलेलं घर, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पोलीस तरुण होता. मशीनकडे बघून हसला आणि म्हणाला, "ज़हब?" सोनं का?

चाचांनी हेडफोन काढून हातात घेतले. "ला," ते म्हणाले. "अखूय." नाही. माझा भाऊ.

पोलिसाचं हसू गेलं. मग चाचा त्याच्याशी अरबीत बरंच बोलले, हाताने दिशा दाखवत. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण पोलिसाने शेवटी "अल्लाह यरहमह", अल्लाह त्याच्यावर दया करो, म्हटलं ते कळलं. मशीन पुन्हा दिसलं तर जप्त करीन, जमिनीतल्या लोखंडाला हात लावू नका, असं बजावून तो गेला. मी गाडीचं दार धरून उभा होतो. चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला सांगायचा ऱ्हावला."

परत येताना गाडीत त्यांनी सांगितलं. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा दोघे भाऊ इथेच होते. थोरला ड्रायव्हर. त्यानेच चाचांना इथे आणलं होतं, मोजणीची साखळी धरणारा चेनमन म्हणून कामाला लावलं होतं, शिकून सर्व्हेयर हो म्हणून मागे लागला होता. हजारो लोकांसारखे तेही इराकमधल्या बसराच्या वाटेने निघाले, पुढे जॉर्डन गाठायचं म्हणून. थोरल्याच्या मालकाची लांबलचक अमेरिकन गाडी, आत कोंबलेली गावाकडची माणसं. जहराच्या पुढे थोड्या अंतरावर थोरल्याच्या छातीत कळ आली. दवाखाना नाही, मागे फिरायची सोय नाही. दुपारी तो गेला. रस्त्याखालून पावसाचं पाणी जायची एक मोरी होती, तिच्यापासून बाजूला वाळूत त्याला नेलं, नमाज पढला आणि पुरलं. चाचांच्या पिशवीत कामाचा पितळी ओळंबा होता. तो त्यांनी डोक्याच्या बाजूला, वरच्या वाळूत, हातभर खोल ठेवला. खूण म्हणून. मग मोरीवर येऊन होकायंत्राने कोन घेतला, पावलं मोजलेलीच होती. तो कोन आणि ती पावलं मला आज पाठ आहेत, झोपेत बरळणाऱ्या माणसाच्या शेजारी दहा वर्षं काढल्यावर होणारच. पण इथे लिहिणार नाही.

युद्ध संपल्यावर ते पहिल्या संधीला परत आले. लोक पैशाला येतात, चाचा त्या मोरीसाठी आले. आणि मोरी नव्हती. रस्ता बाँबने फुटला होता, मग रुंद झाला होता, थोडा सरकवून नव्याने बांधला होता. जुन्या मोऱ्या बुजवून नव्या घातल्या होत्या. सर्व्हेयरने ज्या खुणेवर भरवसा ठेवला ती खूणच कोणीतरी उचलून नेली होती. नकाशे तिथून सुरू झाले.

दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर भावजयीचा फोन यायचा. ख्यालीखुशाली व्हायची, गावातलं कोण गेलं, कोणाला मुलगा झाला. मग शेवटी ती विचारायची, "चाचा, काय लागला काय?" आणि चाचा म्हणायचे, "बघतोय भाभी. इन्शाल्ला, या थंडीत." तेव्हा त्यांचा आवाज इतका नरम व्हायचा की मी उठून स्वयंपाकघरात जायचो. तिला एवढंच हवं होतं की नवऱ्याची कबर कुठे आहे ते कळावं, तिच्या नावाने तिथे कोणीतरी फातिहा पढावा. चाचांनी लग्न केलं नाही. कोणी विषय काढला तर म्हणायचे, आधी हे एक काम आटपू दे. हे एक काम आटपता आटपता केस पांढरे झाले.

नकाशांचं काम ते जमिनीवर बसून करायचे. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वर जुना नकाशा, त्यावर ट्रेसिंग पेपर. जुना रस्ता उतरवून घ्यायचा आणि तो कागद नव्या नकाशावर ठेवायचा. पण ठेवायचा कशाच्या आधारावर? रस्ते हलतात, वस्त्या हलतात, किनाराही भराव घालून समुद्रात ढकललेला. "हालत नाय ते आधी पकड," ते सांगायचे. डोंगराची कड, खाडीचं वळण, जुन्या विहिरी. ती तीन-चार ठिकाणं एकावर एक बसली की मधलं सगळं आपोआप बसतं. बसलं नाही तर नकाशाच चुकीचा, आणि तो चुकीचा असला तरी ते त्याच्यावर रागवायचे नाहीत. "नकाशा खोटा बोलत नाय, परभणी. म्हातारा होतो, म्हणून विसरतो."

मशीनला हात बसावा म्हणून ते आधी दुसऱ्याच जागा शोधायचे. माणूस जिथे थांबतो तिथे काहीतरी सांडतो, हे त्यांचं सूत्र. म्हणून जुन्या नकाशात आधी थांबायच्या जागा बघायच्या: विहीर, चौकी, दोन वाटा मिळतात तो नाका. चालत्या रस्त्यावर काही सापडत नाही. आमच्या खालचा बकालावाला रायगडचा, त्याला याचा फार मोह. मोत्यांचे व्यापारी उतरायचे ती जागा दाखवा, अर्धं अर्धं करू, म्हणून मागे लागला. शेवटी चाचा त्याला उंटांच्या जुन्या तळावर घेऊन गेले. नकाशात तिथे एक विहीर होती, आता नुसता खळगा. दिवसभर खणून निघालं काय, तर डब्यांची झाकणं, तंबूच्या खुंट्या आणि तीन गंजलेली कुलपं. बकालावाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चाचा कुलूप हातात घेऊन म्हणाले, "कुलपं मिळतात रे. चावी कदी नाय मिळत." त्यांनी ती कुलपं परत खळग्यात टाकली आणि वर माती लोटली.

जुनी मोरी मात्र त्यांनी खरोखर शोधून काढली. मी यायच्या आधीचीच ती गोष्ट. मशीनने नाही, कागदानेच. मग जाऊन बघितलं तर नव्या रस्त्याच्या बाहेर, काटेरी झुडपाखाली, काँक्रीटचा एक फुटका काठ उरला होता. त्या दिवशी ते तिथे बसून जेवले म्हणे. मोरी मिळाली म्हणजे काम झालं असंच कोणालाही वाटेल. तिथून कोन लावायचा, पावलं टाकायची, संपलं. चुंबकाची उत्तर वर्षागणिक थोडी सरकते, तेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. पण त्या रेघेच्या टोकाला काही नव्हतं. पुढे नव्हतं, मागे नव्हतं. मग ते दर थंडीत पट्टा रुंद करत गेले.

आणि ते वाळवंट रिकामं असतं तर एक वेळ चाललं असतं. तिथे लोखंडच लोखंड. युद्धाने पेरून ठेवलेलं. तबकडी फिरवली की मशीन नुसतं कुईकुई करायचं. लोखंडाचा आवाज खरबरीत, पितळेचा गोल आणि स्वच्छ, असं चाचा म्हणायचे. मी हेडफोन लावले तर मला दोन्ही सारखेच. कधी गोल आवाज आला की ते गुडघ्यावर बसायचे, हातांनी वाळू बाजूला करायचे, आणि बंदुकीच्या गोळीचं पितळी टरफल निघायचं. अशी टरफलं किती निघाली असतील कोण जाणे. ते टरफल पुसून वाळूवर उभं ठेवायचे आणि उठायचे. त्या वेळी त्यांच्या गुडघ्यांचा जो आवाज यायचा, तो मला आवडायचा नाही.

मला कंटाळा यायचा, का नाही येणार? शुक्रवार एकच सुट्टीचा. आजूबाजूला कुवेती लोकांचे थंडीतले तंबू, मांस भाजल्याचा वास, मुलांच्या छोट्या गाड्या वाळू उडवत फिरतायत, आणि आम्ही दोघे त्यांच्यामधून मान खाली घालून चाललोय. त्यातच साठी उलटली आणि कंपनीने सांगितलं की आता इकामा पुढे वाढणार नाही. ही शेवटची थंडी, मार्चमध्ये जायचं. चाचांनी हे मला फ्रिजसमोर उभं राहून सांगितलं, सुकटीचा डबा हातात घेऊन. "एकदा गेलो की परत नाय येता यायचा," ते म्हणाले. "मग त्याला कोण शोधणार?" मला त्यांची कीव आली नाही, भीती वाटली. या माणसाचं शोधायचं संपलं तर हा काय करेल, तेच समजेना.

त्या शेवटच्या थंडीत एका सकाळी बोचरा वारा सुटला होता. चाचांना मोरीवरून पुन्हा कोन घ्यायचा होता. कितव्यांदा, विचारू नका. मी गाडी मोरीपाशी नेली तर ते ओरडले, "पुढे ने, पुढे! अजून!" मी चांगली लांब उभी करून, कान गारठवत, चालत परत आलो आणि वैतागलो.

"चाचा, कामून दरवेळी इतकं लांब?"

"गाडीचा लोखंड सुईला ओढतो," ते होकायंत्रातून डोळा न काढता म्हणाले. "गाडीजवळ कोन घेणारा सर्व्हेयर नाय, न्हावी. पोरांना मी पयल्या दिवशी हेच शिकवतो."

मी हात चोळत सहज विचारलं, "मग त्या दिवशी गाडी कुठं होती?"

"हितंच. मोरीजवळ. वाळूत नेली असती तर रुतली असती."

"आणि तुम्ही?"

होकायंत्र डोळ्यावरून खाली आलं. त्यांनी उजव्या हाताची बाही वर सरकवली आणि आपलं कोपर फिरवून बघितलं. तिथे काहीच नव्हतं, सुरकुतलेली कातडी होती.

"चटका बसला होता," ते म्हणाले. "बॉनेटचा. लय दिवस फोड होता."

"चाचा..."

"माजे हात हालत होते रे. सुई ठरत नव्हती. सगळे ओरडत होते, चल, चल. म्हणून मी कोपर बॉनेटवर टेकवला."

एवढं बोलून ते मोरीच्या फुटक्या काठावर बसले. दोन्ही टोकांकडून कोन घेतला असता तर चूक लगेच कळली असती, हेही त्यांनीच मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, शिकवताना सांगतात तसं. पण भावाच्या कबरीवरून उठून आलेला माणूस पुन्हा उलटा जाऊन कोन घेत नाही. इतकी वर्षं चटका लक्षात राहिला आणि बॉनेट विसरलं. मला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मग वाटलं, नाही, आता तरी काहीतरी होईल.

झालंच. पुढचे पंधरा दिवस चाचा जसे होते, तसं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तीच गाडी हवी होती. तीच नाही, तर त्याच जातीची, तेवढ्याच लोखंडाची. ती मोरीपाशी तशीच, तोंड उत्तरेला करून उभी करायची, बॉनेटवर कोपर टेकवायचं आणि सुई किती फसते ते मोजायचं. मी म्हटलं वेड लागलं. पण जहराला आमच्या दवाखान्यात साखर तपासायला येणारा एक म्हातारा कुवेती होता, त्याच्याकडे अशी एक गाडी पांढरीशुभ्र ठेवलेली होती. मी भीतभीत विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कशाला ते दोनदा विचारलं, आणि स्वतः चालवत घेऊन आला. गाडी लावून तो बाजूला जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

चाचांनी कोपर टेकवलं. या वेळी बॉनेट थंड होतं. गाडी असताना कोन घेतला, गाडी पुढे काढायला लावून पुन्हा घेतला. मग म्हणाले, "फरक हाय." किती ते त्यांनी सांगितलं नाही. "पन हा अंदाजच, परभणी. मान्सा वेगळी, डिकीत सामान वेगळा." एवढ्या वर्षांत चाचांच्या तोंडून मी 'अंदाज' हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

घरी येऊन त्यांनी तांबड्या पेन्सिलीने नवी रेघ मारली. आम्ही इतकी वर्षं जिथे चाललो त्याच्या बऱ्याच बाजूने ती गेली. जुन्या नकाशावर तिचं टोक कोऱ्या कागदावर येत होतं, तिथे काही म्हणजे काही नव्हतं. मग त्यांनी ट्रेसिंग उचलून फोनमधल्या उपग्रहाच्या चित्राशी पडताळलं, आणि फोन माझ्यासमोर धरला. तिथे आता नवी वसाहत उभी राहत होती. घरांच्या चौकटी आणि त्यांच्यामधले रस्ते.

मार्चमध्ये त्यांचं तिकीट होतं. त्याआधीच्या शुक्रवारी आम्ही गेलो. अर्धी बांधलेली घरं, सिमेंटच्या गोण्या, कुंपणाला लावलेलं हिरवं कापड. वॉचमन बिहारचा होता, चाचांनी जुन्या कंपनीचं कार्ड दाखवल्यावर त्याने आत सोडलं. मशीन मी काढायला लागलो तर चाचांनी मानेनेच नको म्हटलं. जागा रस्त्यात आली होती. एका खोलीएवढी जागा, त्यापेक्षा नेमकी सांगता येत नव्हती. डांबर अजून पडलं नव्हतं, खडी दाबलेली होती. चाचा रस्त्याच्या कडेने खाली उतरले, बाजूची माती हाताने उकरून बघितली, वास घेतला, आणि वर आले.

"कापलेला नाय," ते म्हणाले. "भराव हाय. पुरुषभर भराव टाकलाय वर. म्हंजे तो खाली तसाच हाय."

मी म्हटलं, "चाचा, भाभीला रस्त्याचं सांगू नका. ते झाड दाखवा, तिकडचं." दुभाजकासाठी आणलेली दोन-चार रोपं पिशव्यांत उभी होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

व्हिडिओ कॉल लागला. भावजय ओट्यावर बसली होती, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चाचा म्हणाले, "भाभी, जागा मिळाली." तिने फोन डोळ्यांजवळ घेतला. "पन वर रस्ता झालाय. खोदलेला नाय, भराव हाय. तो खाली नीट हाय."

"मोठा रस्ता हाय?" तिने विचारलं.

"हाय. दोन्ही बाजूला घरं होतायत."

"मग पोराबाळांची मान्सा येतील ऱ्हायला."

"येतील."

"बरा झाला," ती म्हणाली. "लय वर्षं एकटाच होता."

मग चाचांनी फोन खाली जमिनीकडे धरला. दोघांनी फातिहा पढला, तिने तिकडे, यांनी इकडे. तिच्या मागे कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मी हात जोडावेत की नुसतं उभं राहावं, मला कळेना. शेवटी मीही हात पुढे धरले.

फोन पुन्हा तोंडासमोर आला तेव्हा ती पदराने चष्मा पुसत होती. "आता तुमी या चाचा," ती म्हणाली. "मी तर कवाच मन घट्ट केला होता. पोरांची लग्नं झाली तवाच. पन तुमचा तिकडं दुसरा कोन नाय. म्हणून दर जुम्म्याला विचारत ऱ्हायले. मी विचारला नसता तर तुमी शोधला कशासाठी असता?"

"हां," चाचा म्हणाले. "येतो भाभी."

फोन बंद झाला. चाचा तो हातात तसाच धरून उभे राहिले. वाऱ्याने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"परभणी," ते म्हणाले, "मला वाटला, तिला पायजे हाय."

मला रडू आलं, आणि रागही आला, कोणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. तीस वर्षांहून जास्त दोघांनी एकमेकांसाठी एक गोष्ट धरून ठेवली होती, आणि ती सोडायची सोय कोणाकडेच नव्हती.

"मग मी हितं कोनासाठी ऱ्हायलो रे?" त्यांनी विचारलं. उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, माझ्या तोंडाकडे बघत.

तेवढ्यात वॉचमन हात हलवत धावत आला. "भाईसाब, हटिये उधर से, पानी का टैंकर आ रहा है!" मागून टँकर हॉर्न देत वळला होता. मी गाडी काढून बाजूला घेतली. चाचा जागचे हलले नाहीत. मी उतरून परत गेलो, त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना रस्त्याच्या कडेला आणलं, तेव्हा टँकर गेला.